थकबाकी अग्निशामकांच्या वारसांची

१४ एप्रिल हा दिवस महाराष्ट्रात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीचा म्हणून घरोघर ठाऊक आहे. त्याच तारखेला देशभरातील अग्निशामक दले आपल्या मृत सहकाऱ्यांना मानवंदना देतात आणि तेथून पुढे आठवडाभर अग्निसुरक्षा सप्ताह पाळतात, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात असते. या दिवसाचे मूळ मुंबईत आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि त्याच जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटक द्रव्येही होती. मुंबईच्या अग्निशामक दलाचे जवान दुपारभर पाण्याचा मारा करीत राहिले. चार वाजून गेल्यावर पाठोपाठ दोन प्रचंड स्फोट झाले. त्यात शेकडो माणसे मेली. त्यांपैकी ६६ जण अग्निशामक दलाचे होते.

त्या वर्षी डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते, आणि देशाच्या विद्युत्‌विकासाचा विषयही त्याच खात्याकडे होता. केंद्रीय तांत्रिक विद्युत् मंडळाची स्थापना १९४४ सालीच झाली. मजुराची सुरक्षितता आणि वीज हे दोन विषय तेव्हा एका खात्यात एकत्र आले होते. पुढे कारभाराच्या सोयीसाठी ते वेगळे झाले. परंतु ज्या खेड्यात वीज पोहोचली आणि अग्निशामक दल पोहोचले नाही, तेथे ते आजही एकमेकांपासून सुटलेले नाहीत. नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडीसारख्या गावाच्या दृष्टीने अग्निशामकांच्या वारसांचा प्रश्न पाहू लागले म्हणजे ही गोष्ट स्पष्ट होते.

स्मरणाचा सोहळा उचितच आहे. तथापि अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर अग्निशामकाच्या मृत्यूबरोबर समाजाच्या डोक्यावर एक कर्ज चढते. दुसऱ्याची मालमत्ता आणि दुसऱ्याचे प्राण वाचविण्यासाठी एका कुटुंबाने आपला मिळवता माणूस गमावलेला असतो. हे कर्ज फेडण्याची निश्चित पद्धत आपल्याकडे अद्याप बसलेली नाही. कधी ते उदार हाताने फेडले जाते, कधी अर्धेमुर्धे फेडले जाते, आणि कधी वारसांच्या कचेरीतील खेट्यांतच ते बुडून जाते.

अनुग्रहाचा हिशेब

९ मे २०१५ रोजी मुंबईत काळबादेवी येथील गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली. आग विझविण्याचे काम चालू असतानाच इमारत कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी त्यात मृत्युमुखी पडले. गंभीररीत्या भाजलेले सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांचेही त्याच महिन्यात निधन झाले. ज्या दलाचे सर्वोच्च अधिकारी जवानांबरोबर आगीच्या तोंडी उभे राहतात, त्या दलाच्या कर्तव्यनिष्ठेविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही. त्याआधी दहा महिन्यांपूर्वी, १८ जुलै २०१४ रोजी, अंधेरीतील एका उंच व्यापारी इमारतीच्या आगीत दलाच्या एका जवानाला प्राण गमवावे लागले होते. अशा प्रत्येक घटनेनंतर मुंबईसारख्या महानगरात वृत्तपत्रांचे लक्ष जाते, मंत्री भेटीला येतात, मदत जाहीर होते. हीच घटना एखाद्या लहान नगरपरिषदेच्या बंबावरील माणसाच्या बाबतीत घडली तर बातमी जिल्ह्याच्या पानावर येते आणि मदतीची रक्कमही बहुधा त्याच पानाच्या मापाची ठरते.

शासकीय भाषेत या मदतीला 'सानुग्रह अनुदान' असे नाव आहे. या शब्दातच सर्व अडचण साठलेली आहे. अनुग्रह गुरू शिष्यावर करतो, देव भक्तावर करतो. अनुग्रह कधी करावा, किती करावा, कोणावर करावा हे सर्वस्वी देणाऱ्याच्या मर्जीवर असते आणि घेणाऱ्याने त्याविषयी तक्रार करावयाची नसते. साहजिकच रक्कम प्रसंगाप्रसंगाला बदलते. निवडणुकीचे वर्ष, घटनेची प्रसिद्धी, मृताचे पद, तो कायम की कंत्राटी, या सर्वांचा तिच्यावर परिणाम होतो. घोषणा झाल्यानंतर फाइल तयार होते. तिच्यावर टिपणी लागते. वित्त विभागाची सहमती मागविली जाते. वारस दाखला, पंचनामा, वैद्यकीय अहवाल यांची भर पडते. अनुकंपा तत्त्वावरील नोकरीसाठी प्रतीक्षायादी असते. घोषणेच्या दिवशी वारसांच्या डोळ्यांतले पाणी खळलेले नसते. रक्कम प्रत्यक्ष हाती येईपर्यंत मुलांच्या शाळेची वर्षे उलटून जातात.

शिक्षक आणि कारकून यांना अनुग्रह व हक्क यांतील फरक समजावून सांगावा लागत नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्याच्या सेवेत आलेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाकारले गेले तेव्हा त्यांच्यापुढे हाच प्रश्न उभा राहिला होता. मार्च २०२३ मधील संपाच्या मुळाशीही हीच भावना होती. हातात येणाऱ्या रकमेइतकीच ती रक्कम नक्की मिळणार आहे याची खात्री महत्त्वाची असते, कारण माणूस संसाराची आखणी त्या खात्रीवर करतो. अग्निशामकाच्या पत्नीला अशी खात्री असू नये, याचे समर्थन कोणत्या तत्त्वावर करता येईल?

१९२३ची अनुसूची

वस्तुतः अनुग्रहाच्या पलीकडे जाण्याचा मार्ग या देशाच्या कायद्याने शंभर वर्षांपूर्वीच दाखविला आहे. १९२३ साली कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला. काम करीत असता कामामुळे अपघात झाला तर मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज नाही, भरपाई द्यावीच लागेल, हे त्याचे तत्त्व. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते कायम ठेवण्यात आले. या कायद्याने भरपाईची रक्कम कोणाच्या मर्जीवर सोडली नाही. तिच्यासाठी एक कोष्टक दिले. मृत कामगाराच्या मासिक वेतनाची निम्मी रक्कम घ्यावयाची आणि तिला त्याच्या वयानुसार ठरलेल्या अंकाने गुणावयाचे. वय ३० असेल तर हा अंक २०७.९८ आहे, वय ५० असेल तर १५३.०९. या हिशेबासाठी वेतनाची कमाल मर्यादा २०१० साली ८,००० रुपये झाली आणि २०२० साली १५,००० रुपये. म्हणजे ३० वर्षांच्या कामगाराच्या वारसांना आधीच्या मर्यादेने ८,३१,९२० रुपये आणि नंतरच्या मर्यादेने १५,५९,८५० रुपये अशी रक्कम येते. ही रक्कम पुरेशी आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु कोणत्याही कचेरीतील कारकून ती कागदावर पाच मिनिटांत काढू शकतो, आणि ती काढण्यासाठी मंत्रिमहोदयांच्या दौऱ्याची वाट पाहावी लागत नाही. हक्काची रक्कम ठरविण्याची हीच रीत असते.

या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, कोणाकोणाला कामगार मानावयाचे त्या यादीत, आणखी एक लक्षणीय गोष्ट आढळते. अग्निशामक दलात नोकरीला असलेल्याचा तीत स्पष्ट उल्लेख आहे. विजेच्या उघड्या तारा व खांब उभारणारा, दुरुस्त करणारा आणि उतरविणारा माणूसही त्याच यादीत आहे. सार्वजनिक सेवेतील या दोन धोक्यांची जात एकच आहे, हे त्या कायद्याच्या कर्त्यांनी ओळखले होते. शहरात बसून हे नाते सहसा दिसत नाही. खेड्यात ते रोज दिसते.

विजेबरोबर येणारी आग, विजेबरोबर जाणारे पाणी

कळसाडीसारख्या गावात आग लागते तेव्हा काय घडते याचा विचार करावा. वैशाखाचा वारा सुटलेला असतो. ढिल्या पडलेल्या तारा एकमेकींना घासतात आणि ठिणगी खाली उसावर, कडब्याच्या गंजीवर किंवा गोठ्याच्या छपरावर पडते. कुडाची भिंत आणि गवताचे छप्पर असेल तर अर्ध्या तासात घराचा कोळसा होतो. बंब बोलवावा तर तो जवळच्या नगरपरिषदेचा. नंदुरबार जिल्ह्यात नगरपरिषदा आहेत त्या नंदुरबार, शहादा, तळोदा आणि नवापूर या चार गावांत. बाकी सारा मुलूख खेड्यापाड्यांचा, त्यातला मोठा भाग सातपुड्याच्या डोंगराळ पट्ट्यातला. बंबाने शहरात ५ ते ७ मिनिटांत आणि ग्रामीण भागात २० मिनिटांत पोहोचावे, असा मापदंड केंद्राच्या अग्निशमन सल्लागार समितीने घालून दिला आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या घाटवाटा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या २० मिनिटांचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

ही केवळ रस्त्यांची उणीव नाही. तिची मुळे राज्यघटनेच्या अनुसूचींपर्यंत पोहोचतात. १९९२ साली संसदेने संमत केलेल्या दोन घटनादुरुस्त्यांनी स्थानिक संस्थांना कामे वाटून दिली. नगरपालिकांसाठी असलेल्या बाराव्या अनुसूचीत 'अग्निशमन सेवा' हा सातवा विषय आहे. पंचायतींसाठी असलेल्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. त्यांत ग्रामीण विद्युतीकरण आणि विजेचे वितरण आहे, अग्निशमन मात्र नाही. गावापर्यंत वीज नेण्याची जबाबदारी यादीत लिहिली गेली, विजेबरोबर येणाऱ्या आगीची जबाबदारी लिहावयाची राहून गेली.

यातला पेच असा की आग विझविताना पहिली गरज वीज तोडण्याची असते. तारांत प्रवाह चालू असता पाणी मारणे म्हणजे पाणी मारणाऱ्याचाच जीव धोक्यात घालणे. म्हणून डीपीवरून पुरवठा बंद केला जातो, आणि त्याच क्षणी गावाच्या पाणीयोजनेचा पंपही बंद पडतो. विहिरीवरच्या मोटारी थांबतात. टाकी भरलेली असली तर ठीक, नाही तर बंब एका फेरीचे पाणी संपवून पुन्हा भरण्यासाठी किती लांब जाईल याचा नेम नसतो. रात्रीची वेळ असेल तर काळोखात गुरे सोडवावयाची, म्हातारी माणसे बाहेर काढावयाची आणि विहिरीपासून घागरी-बादल्यांची रांग लावावयाची, हे सर्व बॅटरीच्या उजेडात चालते. वीज गेल्यानंतरची चिमणी, मेणबत्ती किंवा कंदील ही स्वतःच आगीला निमंत्रण देणारी साधने आहेत, हे वेगळेच.

शहरालाही अंधाराचा अनुभव नाही असे नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईची वीज गेली तेव्हा लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या आणि रुग्णालये जनित्रांवर चालवावी लागली. त्या एका दिवसाची चौकशी झाली, चर्चा झाली, उपाय सुचविले गेले. खेड्याने भारनियमनाची वर्षानुवर्षे काढली आणि तो अंधार अंगवळणी पाडून घेतला. अंधाराशी जुळवून घेण्याच्या या सवयीतच एक मोठा धोका दडलेला आहे. अनेक गावांमागे एक वायरमन असतो. तो येईपर्यंत थांबण्याइतका धीर नसला म्हणजे गावातलाच कोणी धाडसी तरुण काठीने तारा सोडवितो, डीपीवर चढून फ्यूज टाकतो. तो सुखरूप उतरला तर गाव त्याचे कौतुक करते. तो उतरला नाही तर त्याचा मृत्यू कोणत्या रकान्यात लिहावयाचा, हे कोणालाच ठाऊक नसते.

अंधाराला दर आहे

२००३च्या विद्युत कायद्याने एक चांगली गोष्ट केली. पुरवठा खंडित झाला तर तो किती वेळात सुरू व्हावा याची मानके नियामक आयोगाने ठरवावीत आणि ती पाळली गेली नाहीत तर ग्राहकाला भरपाई द्यावी, असे त्याच्या ५७व्या कलमात म्हटले आहे. महाराष्ट्रात अशी मानके २००५ सालापासून लागू झाली. त्यांत शहराला कमी तास आणि खेड्याला जास्त तास दिलेले आहेत, हा पंक्तिप्रपंच सोडला तरी तत्त्व योग्य आहे. अंधाराच्या तासाला दर ठरलेला आहे आणि तो आधीच छापून ठेवलेला आहे.

मग जो माणूस हा अंधार दूर करण्यासाठी खांबावर चढतो, त्याचे काय? ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांत हजारो खांब आडवे केले तेव्हा इतर जिल्ह्यांतून वीज कर्मचारी तेथे गेले आणि भर पावसाळ्यात त्यांनी तारा उभ्या केल्या. त्यांत कायम कर्मचारी होते, तसे ठेकेदाराची माणसेही होती. अपघात झाला असता तर एकाच खांबावरील दोघांच्या वारसांना दोन वेगळ्या दारांत उभे राहावे लागले असते. लहान गावांसाठी ग्रामपंचायतीमार्फत ग्राम विद्युत व्यवस्थापक नेमण्याची योजना राज्याने काही वर्षांपूर्वी आणली. तंत्रशिक्षण घेतलेल्या गावातल्याच तरुणाला काम मिळावे, ही कल्पना स्वागतार्ह होती. परंतु मानधनावर काम करणारा असा तरुण तारेला चिकटून मेला तर त्याचा मालक कोण, वीज कंपनी की ग्रामपंचायत, हा प्रश्न त्याच्या विधवेने न्यायालयात सोडवावा अशी अपेक्षा धरणे न्यायाचे नाही.

आणि ज्याला कोणतीच नोकरी नाही, जो केवळ शेजारधर्म म्हणून आगीत शिरतो, त्याचे स्थान काय? राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत आगीचा समावेश आहे. २०१५ पासूनच्या निकषांनुसार मृताच्या वारसांना ४ लाख रुपये देण्याची तरतूद आहे, आणि मदतकार्यात गुंतलेल्यांचाही तीत उल्लेख आहे. उल्लेख आहे हे चांगले. परंतु घरात अडकून मेलेला आणि त्याला काढण्यासाठी आपण होऊन आत गेलेला, यांना या निकषाने एकाच मापाने मोजले आहे. दुःखाच्या दृष्टीने दोघे समान आहेत, यात शंका नाही. समाजाच्या ऋणाच्या दृष्टीने मात्र ते समान नाहीत. पहिल्याला समाज साहाय्य करतो. दुसऱ्याचे समाज देणे लागतो.

अमेरिकेचा या बाबतीतील अनुभव पाहण्यासारखा आहे. १९७६ साली तेथे पोलीस, अग्निशामक आदी सार्वजनिक सुरक्षा कर्मचाऱ्यांच्या वारसांसाठी संघराज्याच्या पातळीवर कायदा झाला. कर्तव्य बजावताना मृत्यू आल्यास वारसांना ५०,००० डॉलर, अशी मूळ तरतूद होती. पुढे ती रक्कम वाढवून महागाईशी जोडण्यात आली आणि मुलांच्या उच्च शिक्षणाच्या साहाय्याची भर पडली. त्या देशातील लहान गावांत अग्निशामक दले बहुतांशी स्वयंसेवकांची असतात. म्हणून पगार न घेता सार्वजनिक दलात काम करणारा स्वयंसेवकही या कायद्याच्या कक्षेत आहे. त्या देशाचे सर्वच अनुकरणीय आहे असे नाही. पण वारसांना मिळणारा लाभ पगारपत्रकावरील नावावर अवलंबून ठेवू नये, हा त्यातला धडा आपल्या खेड्यांना अगदी जवळचा आहे.

पैशाचा प्रश्न

राज्याच्या तिजोरीवर आधीच ताण आहे, हा आक्षेप अशा प्रत्येक सूचनेवर घेतला जातो. तो तपासून पाहणे आवश्यक आहे. समजा, राज्यात एका वर्षात अग्निशामक, वीज कर्मचारी आणि मदतीला धावलेले नागरिक मिळून २० जणांना असा मृत्यू आला आणि प्रत्येकाच्या वारसांना ५० लाख रुपये द्यावयाचे ठरले, तर खर्च १० कोटी रुपये येतो. संख्या दुप्पट धरली तरी तो २० कोटींवर जात नाही. अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी व आधुनिकीकरणासाठी केंद्राने २०२३ साली ५,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. नवी केंद्रे, नवी वाहने, प्रशिक्षण यांसाठी ती आवश्यकच होती. पण बंबाला जेवढी निश्चित तरतूद, तेवढी बंबावर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या घराला नसावी, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

हा पैसा उभा करण्याची साधनेही हाताशी आहेत. २००६च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने इमारतींवर अग्निशमन सेवा शुल्क बसविण्याची सोय केली आहे. वीज वापरणारे बहुतेक ग्राहक बिलातून राज्याला वीज शुल्क भरतात. या दोन शुल्कांचा अगदी अल्प अंश बाजूला काढून एक कायम निधी निर्माण केला तर सरकारला नवा कर बसवावा लागणार नाही. धोका मूठभरांनी पत्करायचा आणि लाभ सर्वांनी घ्यायचा अशी जेथे स्थिती असते, तेथे त्या धोक्याचा खर्च सर्वांत थोडा थोडा वाटून टाकणे हेच विम्याचे तत्त्व आहे. सध्या हा विमा मृताचे कुटुंबच आपल्या उपाशी पोटाने चालवीत असते.

दुसरा आक्षेप खोट्या दाव्यांचा. स्वयंसेवकाला हक्क दिला तर प्रत्येक अपघात 'मदतकार्य' म्हणून दाखविला जाईल, अशी भीती व्यक्त होते. ही भीती अगदीच निराधार नाही. पण तिला उत्तर आहे. विजेच्या अपघाताची चौकशी विद्युत निरीक्षक करतोच. आगीचा अहवाल अग्निशामक दल आणि तलाठ्याचा पंचनामा यांतून मिळतो. त्यावर तहसीलदाराने ठराविक मुदतीत निर्णय द्यावा, आणि तो अमान्य असल्यास अपिलाची सोय असावी. पीकविमा, अपघातविमा यांतही खोटे दावे होतात. म्हणून ते विमे कोणी बंद करीत नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मृत्यूनंतरच्या पैशापेक्षा मृत्यू टाळण्यावर पैसा खर्च करावा, असे म्हटले जाते. हे बरोबर आहे. मात्र या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधी नाहीत. ज्या संस्थेला प्रत्येक मृत्यूमागे मोठी निश्चित रक्कम द्यावी लागते, ती संस्था हातमोजे, सुरक्षापट्टे, श्वसनयंत्रे आणि प्रशिक्षण यांवर खर्च करण्यास आपोआप उद्युक्त होते. माणसाचा मृत्यू जेथे स्वस्त पडतो, तेथे सुरक्षिततेची साधने महाग वाटू लागतात.

करावयाचे काय?

यासाठी राज्याने स्वतंत्र कायदा करावा. सार्वजनिक हितासाठी आग विझविताना, वीजपुरवठा पूर्ववत करताना किंवा आपत्तीत इतरांना वाचविताना ज्याला मृत्यू वा कायमचे अपंगत्व येईल, त्याच्या बाबतीत तो कायम आहे, कंत्राटी आहे, मानधनावर आहे की केवळ गावकरी आहे, हा भेद मूळ रकमेपुरता तरी नसावा. रक्कम कायद्यात लिहिलेली असावी आणि दरवर्षी महागाईप्रमाणे वाढावी. तिचा काही भाग ३० दिवसांच्या आत, अंतिम चौकशीची वाट न पाहता, घरात पोहोचावा. कारण पहिल्या महिन्यातच किराणा दुकानदाराची उधारी आणि सावकाराचा उंबरठा सुरू होतो. मुलांचे शिक्षण पदवीपर्यंत मोफत असावे. वारसांनी अर्ज घेऊन फिरण्याऐवजी जिल्हाधिकारी कचेरीतील एका नेमलेल्या अधिकाऱ्याने त्यांच्या घरी जाऊन कागदपत्रे पुरी करावीत. ग्रामीण अग्निशमनाची जबाबदारी जिल्हा परिषदेकडे स्पष्टपणे सोपवावी, आणि तिच्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्ष असावे.

कायदा होईपर्यंत गावांनी हातावर हात ठेवून बसावे असे नाही. पाण्याच्या उंच टाकीत आगीसाठी काही भाग नेहमी राखून ठेवणे, विहिरीवर एक डिझेल पंप चालू स्थितीत असणे, शाळा व ग्रामपंचायतीत वाळूच्या बादल्या ठेवणे, वायरमन आणि वीज उपकेंद्र यांचे दूरध्वनी क्रमांक भिंतीवर रंगवून ठेवणे, उन्हाळ्यापूर्वी ढिल्या तारांची यादी लेखी देऊन तिची पोच घेणे, या गोष्टींना फार मोठा खर्च येत नाही. वीज गेली असता तारेला हात लावणे हा पराक्रम नसून अविचार आहे, हे गावातील शिक्षकाने वर्गात आणि ग्रामसभेत सांगितले पाहिजे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत रस्ता झाडण्याबरोबर हे शिक्षणही देता येईल.

महाराष्ट्रात वीज बिलाची थकबाकी राहिली तर जोडणी तोडली जाते. थकबाकी किती दिवसांची, तीवर व्याज किती, नोटीस केव्हा द्यावयाची, हे सारे नियमांत लिहिलेले आहे, आणि ते योग्यच आहे. येणे वसूल केल्याशिवाय कोणतीही संस्था चालत नाही. एवढा काटेकोर हिशेब ज्या व्यवस्थेला नागरिकांकडून येणे असलेल्या पैशाचा ठेवता येतो, तिला आपल्याकडून देणे असलेल्या पैशाचाही ठेवता आला पाहिजे. १९४४ साली गोदीतील स्फोटानंतर त्याच वर्षी भरपाईसाठी अध्यादेश निघाला होता. परक्या राजवटीला जे काही महिन्यांत सुचले, ते लोकनियुक्त विधिमंडळाला एका अधिवेशनात करता येण्याजोगे आहे. पुढच्या १४ एप्रिलला मानवंदना देताना असा कायदा राजपत्रात आलेला असेल, तर त्या दिवशी वारसांना खुर्चीवर बसवून नारळ-शाल देण्याचा कार्यक्रम नाही झाला तरी चालेल.